पोराची सावड

मळणी यंत्रात हात गेला, नाहीतर पोलिओनं पाय अधू, आणि घरात दुडदुडणारं मूल. पेरणीच्या घाईत त्याच्यामागं धावायचं कुणी? बैलांची सावड करता ना, तशीच पोराची करा. शेजारणीला नुसतं "लक्ष ठेव" म्हणू नका. आंघोळ घालणं आणि विहिरीकडं पळालं तर धरणं, एवढंच मला जमत नाही, असं नेमकं सांगा. बदल्यात तिचं वाळवण राखा, तिच्या पोरांचा अभ्यास घ्या. मग मिंधेपणा वाटत नाही. ३ वर्षांचं झालं की अंगणवाडीत घाला. नेण्याआणण्याची अडचण सेविकेशी आधीच बोला. दिव्यांग बाईला मूल वाढवायला आधार मिळावा, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. बापाचा उल्लेख तिथं नाही, हे खटकतं. तरी ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावात त्याचं काय?