निकालाचा फलक आणि नववीचा पट

(आकाशवाणीवरील भाषण)



दहावीचा निकाल लागला की मुंबईत गल्लीच्या तोंडाशी फलक लागतात. शाळेचं नाव, पहिल्या तीन मुलांचे फोटो आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘१०० टक्के निकाल’. महापालिकेच्या माध्यमिक शाळाही आता यात मागे नाहीत. का असाव्यात? वर्षानुवर्षं लोकांनी नाकं मुरडल्यावर एखाद्या शाळेला चारचौघांत मिरवावंसं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही. मात्र ज्यांच्या घरी मूल आठवी पार करून पुढची शाळा शोधतंय, त्या आईवडिलांनी हा फलक जरा सावकाश वाचावा, एवढ्यासाठी आजचं हे बोलणं.

आठवी म्हणतोय त्याला कारण आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो आठवीपाशी थांबतो. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच. पालिकेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात. खासगी शाळेत २५ टक्क्यांच्या राखीव जागेवर शिकलेल्या मुलाची फी नववीत पालकांच्या गळ्यात येते. अशा वेळी घराजवळची पालिकेची छोटी माध्यमिक शाळा आठवते. नववीची एक तुकडी, दहावीची एक. मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते, त्यामुळे त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर उर्दू शाळा, वर हिंदी, असंही असतं. गणवेश, दप्तर, वह्या अशा २७ वस्तू पालिका मोफत देते, म्हणजे खर्चाची काळजी फारशी नाही. शेजारचे म्हणतात, ‘चांगली आहे, घाला.’ समोरचे म्हणतात, ‘तिथे? वेड लागलंय का?’ दोघांपैकी कुणीच आत पाऊल टाकलेलं नसतं.

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तेव्हा टक्क्यांपासून सुरुवात करतो. छोट्या शाळेत टक्केवारी फार उड्या मारते. वीस मुलं परीक्षेला बसली आणि एक नापास झालं की निकाल ९५. दोन झाली की ९०. एखादी मुलगी ऐन परीक्षेत काविळीने आजारी पडली आणि एखाद्या मुलाने फेब्रुवारीत काम धरलं, तरी लोक म्हणतात शाळा घसरली. शिक्षक तेच, शिकवणंही तेच. म्हणून एका वर्षाचा आकडा हातात घेऊन निवाडा करू नका. पाच वर्षांचे आकडे मागा, आणि टक्के मागू नका, मुलं मोजून मागा. बसली किती, पास झाली किती.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे, आणि तो पालक सहसा विचारत नाहीत. आदल्या वर्षी नववीच्या पटावर किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला याच शाळेच्या नावाने बसली? समजा, नववीत ३४ होती. दहावीला २२ बसली आणि बावीसच्या बावीस पास झाली. फलकावर १०० टक्के. चौतिसांतून हिशेब केला तर पासष्टसुद्धा भरत नाहीत. मधली बारा मुलं गेली कुठे?

काहींची घरं हलली असतील. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एक अख्खी चाळ संक्रमण शिबिरात जाते आणि शाळेचा पट महिन्याभरात उतरतो. तो दोष शाळेच्या माथी मारता येत नाही. काही मुलं नववीतच नापास झाली असतील. आणि काहींना हळूच सांगितलं गेलं असेल, ‘तू १७ नंबरचा फॉर्म भर.’ हा फॉर्म खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा. मुळात फार चांगली सोय आहे ती. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, त्यांच्यासाठी केलेली. पण रोज वर्गात येणाऱ्या, गणितात कच्च्या मुलाच्या हातात तोच फॉर्म ठेवला की शाळेचा निकाल चकचकीत राहतो. ते मूल पुढे नापास झालं तरी शाळेच्या खात्यावर पडत नाही. सगळ्या शाळा असं करतात असं मी म्हणत नाही. करणाऱ्यांत पालिकेच्याच असतात असं तर मुळीच नाही. नावाजलेल्या खासगी संस्थांनाही ही वाट चांगली ठाऊक आहे.

माझं मत विचाराल तर, नववीतल्या चौतिसांपैकी तेहतीस मुलं दहावीला बसवून त्यातली अठ्ठावीस पास करणारी शाळा मी त्या शंभर टक्केवालीच्या वर ठेवेन. तिला फलकावर ८५ टक्के लिहावे लागतील, म्हणून ती बिचारी फलक लावत नाही.

हे शोधायचं कसं? प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून संगणकावर किंवा मोबाईलवर इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, शाळेतल्या सोयी पाहता येतात. तरीही समोरासमोर विचारण्यासारखं दुसरं काही नाही. मुख्याध्यापकांना सरळ विचारा, ‘सर, नववीतली एवढी मुलं दहावीत दिसत नाहीत, कुठे गेली?’ एखादे मुख्याध्यापक रागावतील. एखाद्या बाई हजेरीपट काढून सांगू लागतील: हा गावी गेला, हिचं लग्न ठरवलं होतं, आम्ही घरी जाऊन थांबवलं, हा गॅरेजमध्ये लागलाय, त्याला परत आणायचा प्रयत्न चालू आहे. असं उत्तर मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं. हजार मुलांच्या शाळेत हे तोंडपाठ असणं शक्य नाही. छोटी शाळा निवडायची ती याचसाठी.

आता शिक्षकांकडे वळू. पटावर मुलं किती, यावर संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या मंजुरीत, शिक्षकांची पदं ठरतात. पट उतरला की पद जातं आणि शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतात. उरलेल्यांत विषय वाटले जातात. मग इतिहासाच्या बाई इंग्रजी घेतात आणि विज्ञानाचे सर गणितही ओढतात. दहावीला बीजगणित-भूमिती मिळून दोन पेपर, विज्ञानाचेही दोन, प्रत्येक पेपर ४० गुणांचा. एवढं सगळं एकाच माणसाच्या खांद्यावर असेल आणि तोच निवडणुकीच्या कामाला गेला, तर तुमच्या मुलाचे चार पेपर एकदम लटकतात. तेव्हा ‘शिक्षक किती’ एवढंच विचारून थांबू नका. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते विचारा. दहावीचं वेळापत्रक बघायला मागा आणि कुठला तास कोण घेतं ते वाचा. गणिताच्या तासापुढे नावच नसेल, तर गोड बोलण्यावर जाऊ नका.

सेमी इंग्रजीची चौकशी सगळेच करतात. पाटीवर ‘सेमी’ लिहिलं की पालक खूश. पण खरं काय ते मुलाची वही सांगते. शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहा, एखाद्या नववीतल्या मुलीला विज्ञानाची वही दाखवायला सांगा. मुली दाखवतात. वाक्यं मार्गदर्शकातून उतरवलेली आहेत की तिची स्वतःची, चुकांवर लाल खूण आहे की पान उलटून नुसती सही, हे दोन मिनिटांत कळतं. तिलाच विचारा, प्रयोगशाळेत शेवटचा प्रयोग कुठला केला? आठवून सांगितलं तर उत्तम. ‘कुलूप असतं’ म्हणाली, तर तेही कळलं. बाहेर क्लासला किती मुलं जातात, हेही तीच सांगेल, आणि शाळेपेक्षा खरं सांगेल.

मुलींचं स्वच्छतागृह मधल्या सुट्टीनंतर बघा, सकाळी नको. पाणी, कडी आणि कचऱ्याची पेटी, एवढं पुरे. दुपारचं सत्र असेल तर शाळा संध्याकाळी सुटते. तो रस्ता त्या वेळी एकदा चालून पाहा.

छोट्या शाळेचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. कबड्डीचा संघ जमेलच असं नाही. चित्रकलेचे शिक्षक असतील, नसतील. आणि एखाद्या शिक्षकाशी मुलाचं पटलं नाही तर दुसरी तुकडी नाही, दोन्ही वर्षं त्याच माणसासमोर काढायची. ज्या मुलाला खूप मित्र, खूप स्पर्धा, खूप गजबज लागते, त्याला इथे कोंडल्यासारखं होईल. त्याला मोठ्या शाळेतच घाला. पण जे मूल मोठ्या वर्गात मागच्या बाकावर गप्प राहून आठ वर्षं काढतं, त्याला इथे नावाने हाक मारली जाते, गैरहजर राहिलं तर दुपारी घरी फोन येतो. पस्तीस मुलांत लपायला जागा नसते.

हे सगळं पाहायचं तर शाळा चालू असताना जायला हवं. निकाल मेमध्ये लागतो, तेव्हा वर्ग बंद असतात आणि तुम्हाला नुसती इमारत दिसेल. जूनमध्ये प्रवेशाची घाई असते, कुणाला बोलायला सवड नसते. म्हणून ज्यांचं मूल यंदा आठवीत आहे, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा साधा कामाचा दिवस निवडावा, मुलालाही बरोबर घ्यावं, आणि जाऊन यावं.