झुंबराची निगा आणि डागडुजी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झुंबर कसे पुसावे हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु प्रांतोप्रांती स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांत आजोबा-पणजोबांच्या काळचे काचेचे झुंबर माळ्यावर पडून असते. चार लोलक गळाले, एखादी तार तुटली, की ते भंगारात जाते. त्यांतली कित्येक झुंबरे घरच्या घरी पुन्हा उभी राहू शकतात. त्यासाठी कोणते काम आपण करावे आणि कोणते मुळीच करू नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

झुंबर म्हटले की ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादाचे स्मरण होते. जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली बांधविलेल्या त्या प्रासादाच्या दरबार-दालनात दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन सांगतात. ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी वर हत्ती चढविले होते, अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातला बोध पक्का आहे : झुंबराआधी छत पाहावे. वरची कडी तुळईत किंवा स्लॅबमध्ये घट्ट बसलेली हवी. गंजलेल्या अथवा झिजलेल्या कडीवर भार देऊ नये.

झुंबराचे तेज त्याच्या काचेत असते. १६७४ साली इंग्लंडात जॉर्ज रेवन्सक्रॉफ्ट यास शिसेमिश्रित काचेचे पेटंट मिळाले. अशी काच प्रकाशकिरणांना अधिक वाकविते आणि त्यांचे रंग वेगळे करते. पण तिच्यावर तळणाचा धूर, उदबत्तीची काजळी आणि धूळ यांचा थर बसला, की ती सामान्य काचेसारखी मंद दिसू लागते.

म्हणून वर्षातून एकदा, गणपतीपूर्वी म्हणा, झुंबर धुवावे. प्रथम मेन स्विच बंद करून दिवे थंड होऊ द्यावेत. खाली जाड गादी अंथरावी, शिडी धरण्यास दुसरे माणूस असावे. लोलक काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे आणि प्रत्येक थराचे लोलक वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी घालून ठेवावेत. काम करताना आपण शिडी हलवावी, झुंबर गरगर फिरवू नये. त्याने मधल्या दांड्याचे आटे सैल होतात.

प्लॅस्टिकच्या टबात तळाशी टॉवेल घालावा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून एकेक लोलक धुवावा. बोअरचे जड पाणी पांढरे डाग ठेवते. तेव्हा शेवटी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यातून लोलक काढून मऊ सुती कापडाने लगेच कोरडे करावेत. पितळी भाग केवळ कोरड्या कापडाने पुसावा. चिंचेने घासण्याचा मोह टाळावा, कारण त्याने वरचे रोगण निघून जाते.

आता डागडुजी. लोलकांच्या झिजलेल्या पिना व तारांचे आकडे बदलणे सोपे आहे. नवे आकडे पितळी घ्यावेत, साधे लोखंड गंजते. हरवलेल्या लोलकासाठी जुना नमुना सोबत न्यावा. उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे काचकामाचे मोठे केंद्र असून तेथे झुंबरेही घडतात. मात्र काचेची फांदी तुटली, तर ती डिंक-सरसाने चिकटवू नये. ती दिव्याचे वजन पेलते आणि पुष्कळदा तिच्या पोटातून तार जाते. ते काम कारागिराचेच.

तसेच विजेचे. जुन्या तारांवरील रबर व कापडाचे वेष्टन कालांतराने तडकते आणि धातूच्या सांगाड्यात वीज उतरू शकते. परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तारा बदलून सांगाड्यास अर्थिंग करून घ्यावे. येथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ होय. एलईडी दिवे लावल्यास उष्णता कमी होऊन होल्डर व तारा अधिक टिकतात.

शेवटची सूचना बदलीच्या नोकरीतल्या मंडळींसाठी. झुंबर पेटीत भरताना काढलेले छायाचित्र, चिठ्ठ्या आणि आठ-दहा जादा आकडे त्याच पेटीत ठेवावेत. मुलांच्या हाती उद्या झुंबर जाईल, तेव्हा ते जोडण्याची रीतही त्यांना मिळाली पाहिजे.