महामारीतील घरगुती कचऱ्याचे मोजमाप

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोविड महामारीच्या काळात रोज किती रुग्ण आढळले, किती बरे झाले आणि किती दगावले, यांचे आकडे नित्यनेमाने प्रसिद्ध होत असत. त्याच काळात घराघरांतून टाकून दिलेल्या मास्कचा आणि हातमोज्यांचा आकडा मात्र तशा रीतीने कधी समोर आला नाही. मुंबई महानगरपालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला आणि महाराष्ट्रातील ही सक्ती २ एप्रिल २०२२ पासून उठली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे ही वस्तू दारामागच्या खिळ्यावर, खिशात, पर्समध्ये आणि सरतेशेवटी केराच्या डब्यात वावरत होती. तिचा एकूण कचरा किती झाला असेल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभ्यासकांचा वाटतो. परंतु घंटागाडीवर उभे राहून डबे रिकामे करणाऱ्या कामगाराला दिवसाकाठी किती वापरलेले मास्क हाताळावे लागतात, हे ठाऊक नसेल, तर त्याला किती हातमोजे द्यावेत आणि गाडीत वेगळा कप्पा किती मोठा ठेवावा, हेही ठरविता येत नाही. अंदाज कमी धरला तर कामगाराच्या जिवाशी खेळ होतो. तो भरमसाट धरला तर जाळण्याच्या भट्ट्यांवर लोकांचा पैसा विनाकारण खर्च होतो.

मुळात मोजले काय गेले, हे प्रथम पाहावे लागेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रुग्णालये, विलगीकरण केंद्रे, तपासणी प्रयोगशाळा आणि रुग्ण असलेली घरे येथून जमा होणाऱ्या कोविड जैववैद्यकीय कचऱ्याची नोंद होत असे. जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशात असा सुमारे ३३ हजार टन कचरा नोंदला गेला. त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक, म्हणजे ३,५८७ टन होता. हे आकडे प्रक्रिया केंद्रांवर पोहोचलेल्या कचऱ्याचे आहेत. ज्या घरात रुग्ण नाही, त्या घरातील मास्क सुक्या कचऱ्यात जात असल्याने या बेरजेत तो येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून सुमारे ८७ हजार टन संरक्षक साहित्य खरेदी झाले आणि त्यातील बहुतांश कचऱ्यात गेले असावे, असे त्यात म्हटले होते. सर्वसामान्य जनतेने वापरलेले मास्क या हिशेबात धरलेले नाहीत, हेही त्या अहवालात स्पष्ट केले होते.

घरगुती कचऱ्यासाठी म्हणूनच अंदाजाचा आधार घ्यावा लागला. महामारीच्या पहिल्याच वर्षी एक सोपे सूत्र अनेक देशांतील अभ्यासकांनी वापरले. लोकसंख्या, त्यातील शहरी लोकांचे प्रमाण, मास्क वापरणाऱ्यांचे प्रमाण आणि प्रत्येकी रोज लागणारे मास्क, या चार संख्यांचा गुणाकार करावयाचा. मास्क वापरणारे बहुधा शेकडा ८० धरले जात आणि रोजचा मास्क एक. या सूत्रात भारताची सुमारे १३८ कोटी लोकसंख्या आणि शेकडा ३५ शहरी प्रमाण घातले, तर रोजचे ३८ कोटींहून अधिक मास्क निघतात. एका तीनपदरी मास्कचे वजन साधारण तीन ते चार ग्रॅम असते. साडेतीन ग्रॅम धरले तरी रोजचा कचरा १,३०० टनांच्या पुढे जातो. वर सांगितलेल्या सात महिन्यांच्या सरकारी नोंदीची रोजची सरासरी १५४ टन पडते. एकीकडे दीडशे आणि दुसरीकडे तेराशे. यांपैकी एकही आकडा घरात डोकावून काढलेला नाही.

जगभर सर्वाधिक उद्धृत झालेला आकडा दरमहा १२९ अब्ज मास्क आणि ६५ अब्ज हातमोजे असा आहे. तो कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. इटलीतील तोरिनो येथील तंत्रविद्यापीठाने टाळेबंदी उठताना त्या देशाला महिन्याला सुमारे एक अब्ज मास्क आणि अर्धा अब्ज हातमोजे लागतील, असे अनुमान केले होते. इटलीची लोकसंख्या सहा कोटी. त्याच प्रमाणात जगाच्या ७८० कोटी लोकसंख्येचा त्रैराशिक मांडला की हीच संख्या मिळते. गणितात चूक नाही. मात्र या त्रैराशिकात पाळण्यातले मूल आणि शेतावर एकटा काम करणारा शेतकरी हे दोघेही महिन्याला सोळा-सतरा मास्क वापरतात! शिवाय मूळ अनुमान किती लागतील याचे होते. किती वापरून टाकले, याचे नव्हते. गरज आणि कचरा यांच्यामध्ये घर नावाची संस्था असते, आणि ती आपल्या काटकसरीने सगळी समीकरणे बदलून टाकते.

एखाद्या शहराचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेपाच लाख होती. सगळीच वस्ती शहरी. शेकडा ८० लोक रोज एक मास्क टाकतात असे मानले, तर रोज ४ लाख ४० हजार मास्क, म्हणजे दीड टनाहून थोडा अधिक कचरा होतो. आता एवढेच गृहीत धरावे की त्यांपैकी निम्मे लोक धुऊन वापरता येणारा कापडी मास्क लावतात आणि उरलेले निम्मे एकदाच वापरावयाचा मास्क तीन दिवस पुरवितात. तेच गणित ७३ हजार मास्क आणि सुमारे २५५ किलो कचरा असे उत्तर देते. दोन साध्या गृहीतांनी आकडा सहापट खाली आला. आईने शिवलेला मास्क, तव्यावर भाजी टाकता टाकता उन्हात वाळत घातलेला मास्क, 'आज फक्त कोपऱ्यावरच जायचे आहे' म्हणून पुन्हा लावलेला कालचाच मास्क, या गोष्टी सूत्रात कुठे बसविणार? त्यांतील काही सवयी आरोग्याच्या दृष्टीने योग्य नव्हत्या, हे खरे. पण कचरा मोजणाऱ्याला लोक कसे वागले याचीच नोंद घ्यावी लागते.

रुग्ण असलेल्या घराचे गणित निराळेच आहे. आरोग्य मंत्रालयाच्या गृहविलगीकरणाच्या सूचनांनुसार रुग्णाने तीनपदरी मास्क आठ तासांनी, अथवा तो ओला झाल्यास त्याआधीच, टाकून द्यावयाचा होता. रुग्णाचे दिवसाला दोन आणि शुश्रूषा करणाऱ्याचे दोन असे धरले, तर दहा दिवसांत चाळीस मास्क होतात. वजन जेमतेम १४० ग्रॅम. हातमोज्यांच्या जोडीचे वजन सात-आठ ग्रॅम. दिवसाला चार जोड्या म्हटल्या तरी दहा दिवसांत ३०० ग्रॅम होतात. मास्क सर्वांच्या डोळ्यांत भरतो, पण अशा घराच्या पिवळ्या पिशवीत हातमोजेच अधिक भरतात. केवळ मास्कवरून काढलेला अंदाज येथे निम्म्याहूनही कमी पडतो.

यावर उपाय प्रत्यक्ष तोलण्याचाच. कचऱ्याच्या अभ्यासातील जुनी रीत अशी की गाडीतून उतरलेला ढीग नीट मिसळून त्याचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवावयाचे, पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करावयाचे, आणि हाताळण्याजोगा नमुना उरला की त्यातील प्रत्येक वस्तू वेगळी करून वजन करावयाचे. महामारीत हे काम कोणाला सांगणार? शिवाय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण घरांनी वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवून, नंतर कापून सुक्या कचऱ्यात द्यावयाचा होता. सूचना शहाणपणाची होती. कापल्यामुळे तो धुऊन पुन्हा विकला जाण्याचा धोकाही टळत असे. परंतु कापलेल्या मास्कचे तुकडे मोजता येत नाहीत, ते तोलावेच लागतात. आणि ओल्या कचऱ्यात मिसळलेले असतील तर वजनही खोटे येते.

मास्कचे दोन्ही बाहेरील पदर आणि मधला गाळणीचा पदर सामान्यतः पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असतात, कानाचे बंद ताणणाऱ्या कृत्रिम धाग्यांचे, आणि नाकावरच्या पट्टीत बारीक तार. भंगारवाल्याला यातले काहीही नको असते, आणि कुजण्याची तर बातच नाही. इटलीतील निसर्गरक्षण संस्थेने २०२० मध्ये हिशेब मांडला होता की त्या देशातील शंभरातील एकच मास्क इतस्ततः टाकला गेला, तरी महिन्याला एक कोटी मास्क निसर्गात जातील. प्रत्येकी चार ग्रॅमने त्यांचे ४० हजार किलो होतात. या हिशेबातही पाया तोच एक अब्जाचा आहे, हे ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महामारीपूर्वीच घरगुती आरोग्यविषयक कचऱ्याच्या पुडक्यावर लाल ठिपका काढून ते वेगळे देण्याचा आग्रह धरला होता. हेतू इतकाच की आत काय आहे हे उघडून पाहण्याची वेळ कचरावेचक भगिनीवर येऊ नये. हीच खूण मोजणीलाही उपयोगी पडते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेत पन्नास घरे असतील, तर सात दिवस लाल ठिपक्याची पुडकी वेगळी ठेवावीत, न उघडता साध्या ताणकाट्यावर तोलावीत, आणि प्रत्येक घराला चारच प्रश्न विचारावेत: माणसे किती, रोज बाहेर पडणारी किती, मास्क कापडी की टाकाऊ, आणि टाकाऊ असल्यास एक किती दिवस पुरतो. चाळीत, बंगल्यांच्या वसाहतीत आणि झोपडवस्तीत ही नोंद वेगवेगळी येईल. तशी ती यावयासच हवी, कारण शहराचा अंदाज बांधताना प्रत्येक वस्तीच्या घरांच्या संख्येने तिच्या नोंदीला गुणून मगच बेरीज करावयाची असते.