उतारवयांतील सायकल

कृष्णाकांठचा सांगलीकडील मुलूख बहुतांशीं सपाट आहे. चढ थोडे, उतार थोडे. सांगलीलगतच्या माधवनगरासारख्या गांवांत सायकल रुजली यांत म्हणूनच कांहीं नवल नाहीं. एकेकाळीं हें गांव कापडाच्या गिरणीसाठीं ओळखलें जाई. पाळीवर निघालेला कामगार, पेठेंत जाणारा कारकून, विश्रामबागेंतील विलिंग्डन महाविद्यालय गांठूं पाहणारा विद्यार्थी, या सर्वांचें वाहन एकच. पुढें पेट्रोलवर चालणारीं वाहनें घरोघर आलीं. सायकल आधीं ओसरीवर, मग माळ्यावर आणि शेवटीं भंगारांत गेली. तिच्याबरोबर रोजचा तासाभराचा व्यायामहि गेला. पण तो गेल्याचें कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

ध्यानांत येतें तें फार उशिरां. विशींत सायकलीवरून सांगलीस सहज जाऊन येणारा मनुष्य साठी ओलांडतो, आणि एके दिवशीं कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढतांना मध्येंच थांबतो. दम लागलेला असतो, गुडघे कुरकुरत असतात. ‘वय झालें’ असें म्हणून तो स्वतःची समजूत घालतो. हळूहळू बाजारहाटाला मुलगा, दवाखान्याला सून, देवळाला रिक्षा अशी त्याची स्थिति होते. खरें दुःख दम लागण्याचें नसतें. मनांत येईल तेव्हां उठून कोठें जातां येत नाहीं, याचें तें असतें. येथें विचारण्याजोगा प्रश्न असा कीं, यांत वयाचा दोष किती आणि संवय सुटल्याचा किती?

वयाचा वांटा नाहीं असें नाहीं. तिशीनंतर शरीराची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति दर दहा वर्षांस सुमारें १० टक्क्यांनीं घटत जाते, स्नायूहि झिजतात. परंतु ही घट व्यायामानें मंदावते, आणि गमावलेल्यापैकीं बरेंच परत मिळवितां येतें. याचें एक विलक्षण उदाहरण फ्रान्समध्यें घडलें. १९११ सालीं जन्मलेले रोबेर मार्शां हे तरुणपणीं सायकल चालवीत. मधलीं कित्येक वर्षें ती सुटली, आणि १९७८ च्या सुमारास, सदुसष्टीच्या घरांत, त्यांनीं ती पुन्हां हातीं घेतली. शंभराव्या वर्षीं, २०१२ सालीं, त्यांनीं एका तासांत सुमारें २४ किलोमीटर अंतर तोडलें. दोन वर्षांनीं तेंच अंतर जवळजवळ २७ किलोमीटर झालें. या दरम्यान शास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं ते वर्षाला सुमारें ५ हजार किलोमीटर सायकल चालवीत होते. त्यांतील चार पंचमांश अगदीं हलक्या श्रमानें आणि एक पंचमांश नेटानें. तपासणींत त्यांची प्राणवायु वापरण्याची शक्ति सुमारें १३ टक्क्यांनीं वाढलेली आढळली. शंभरी उलटलेलें शरीरहि शिकवणी घेतें, एवढें यावरून निश्चित ठरतें.

मार्शां असामान्य होते, सामान्य माणसाला त्यांचा काय उपयोग, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर डेन्मार्कमधून मिळतें. तेथील पन्नास ते पासष्ट वयाच्या सुमारें ५२ हजार स्त्रीपुरुषांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांनीं या वयांत नव्यानें सायकलीची संवय लावून घेतली, त्यांना पुढें मधुमेह जडण्याचें प्रमाण इतरांपेक्षां सुमारें २० टक्क्यांनीं कमी दिसलें. सायकल धरणारे मुळांतच अधिक निरोगी असतील, ही शंका अशा पाहणींत पूर्णपणें फिटत नाहीं हें खरें. तरीहि ज्या देशांत मधुमेह घरोघर शिरला आहे, तेथें ही गोष्ट कानाआड करण्याजोगी नाहीं.

सायकलीचा विशेष गुण असा कीं, शरीराचा भार बैठक वाहते. धांवतांना प्रत्येक पावलागणिक गुडघ्याला बसणारा हादरा येथें बसत नाहीं. मात्र बैठक योग्य उंचीवर हवी. पायडल अगदीं खालीं असतांना गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. बैठक फार खालीं ठेवण्याची चूक सर्वत्र होते, आणि गुडघा दुखूं लागला कीं दोष सायकलीला दिला जातो. जड पायडल जोर लावून रेटण्यापेक्षां हलकें पायडल भरभर फिरवावें. श्रमाचें माप घरगुती आहे: शेजाऱ्याशीं बोलतां यावें, पण गातां येऊं नये. आरंभीं माधवनगरहून बुधगांवापर्यंत जाऊन परतावें. तें अंगवळणीं पडलें कीं सांगली, आणि कांहीं महिन्यांनीं कृष्णा-वारणेच्या संगमावरचें हरिपूर. रक्तदाब किंवा हृदयविकार असणारानें आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा. छातींत दुखलें अथवा घेरी आली, तर तत्काळ उतरावें. डोक्यावर शिरस्त्राण असावें आणि मोठ्या वाहनांचा रस्ता शक्यतों टाळावा. सायकलीनें हाडें फारशीं बळकट होत नाहींत. त्यासाठीं चालणें आणि थोडें वजन उचलणें यांची जोड द्यावी.

याहून मोठी अडचण मनाची असते. ताठर झालेला पाय मधल्या दांड्यावरून पलीकडे टाकतांना तोल जातो. त्यावर उपाय सोपा आहे: दांडा नसलेली सायकल घ्यावी. पण ‘बायकांच्या सायकलीवर’ बसावयाचें कसें, या लाजेपायीं कित्येक पुरुष घरींच बसतात. बायकांच्या वाट्याला निराळी लाज येते. या वयांत हें काय आरंभिलें, असें लोक विचारतात. पुण्याच्या गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका निरुपमा भावे यांनीं पन्नाशी उलटल्यावर सायकल हातीं घेतली, आणि सत्तरीच्या सुमारास त्या पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलीनें गेल्या. लोकांच्या प्रश्नाला याहून चोख उत्तर नाहीं.

तरुणपणाचा वेग परत येईल अशी आशा मात्र कोणी धरूं नये. पहिल्याच आठवड्यांत विशीतल्या मुलाशीं शर्यत लावणारा दुसऱ्या आठवड्यांत अंथरुणावर दिसतो. परत मिळवावयाचा असतो तो वेग नव्हे, तर स्वाधीनपणा. सकाळीं आपल्या पायांच्या बळावर संगमावर जावें, घटकाभर पाण्याकडे पाहावें, आणि येतांना मंडईंतून भाजी घेऊन, कोणाची वाट न पाहतां घरीं यावें. एवढें साधलें तरी साठीनंतरच्या आयुष्याला पुष्कळ झालें.