बिनरिचार्जचा टीव्ही : काय मिळते, काय सुटते

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या व्याख्यानांत इतिहास, संगीत, आरोग्य असे विषय असतात. तिथे टीव्हीच्या छत्रीवर बोलायला कोणी उभे राहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण हल्ली धार काय आणि देवास काय, आपल्या कुठल्याही घरी गेले की चहा संपायच्या आत हा विषय निघतो. ‘‘रिचार्ज फार वाढला हो, ती सरकारी छत्री बसवून टाकू का?’’ माझी सारी नोकरी यंत्रांच्या सहवासात गेली, म्हणून विचारणा माझ्याकडे येते. प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांपुढे सांगावे, म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. हा प्रश्न दिसायला पैशांचा आहे. आपल्यासाठी मात्र तो घरातल्या मराठीचा आहे. पुण्या-नाशकात टीव्ही बंद पडला तरी दारावरचा भाजीवाला मराठी बोलतो. आपल्याकडे उंबरठ्याबाहेर हिंदी किंवा माळवी. घरात मराठी ऐकू येते ती एकमेकांच्या तोंडून आणि त्या पडद्यावरून. म्हणून छत्री बदलताना पैशांबरोबर मराठीचाही हिशेब मांडला पाहिजे.

जरा मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण त्याच्या लहरी काही विंध्य ओलांडून आपल्यापर्यंत येत नव्हत्या. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे आपल्या गच्च्यांवर उंच अँटेना उभ्या राहिल्या. त्या काळी रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत, खाली इंग्रजी अक्षरे असत. मराठीची पाळी आली की ज्यांच्याकडे टीव्ही असे त्यांच्या घरी सारा वाडा जमत असे. पुढे १९९४ साली मुंबई केंद्राची उपग्रहावरून दिसणारी मराठी वाहिनी आली, तीच आजची सह्याद्री. १९९९ साली अल्फा मराठी आली, ती पुढे झी मराठी झाली. २००० साली ई-टीव्ही मराठी, २००८ साली स्टार प्रवाह. मराठीचा तुटवडा संपला, पण त्याबरोबर दरमहा पैसे भरणे आले.

फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामक संस्थेच्या नव्या नियमांनी प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत वेगळी दिसू लागली. त्या वेळी पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी मूळ आकार जास्तीत जास्त १३० रुपये होता. त्यावर १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याच्या वर. पुढे नियम बदलत गेले, पण आपली अडचण तीच राहिली. मध्य प्रदेशात तयार पॅक बहुधा हिंदीचे असतात आणि मराठी वाहिन्या वर जोडून घ्याव्या लागतात. म्हणजे जे आपण पाहत नाही त्याचेही पैसे, आणि जे पाहतो त्याचे वेगळे. समजा महिना साडेतीनशे रुपये जात असतील, तर वर्षाचे ४,२०० आणि तीन वर्षांचे १२,६०० झाले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा आकडा लहान नाही.

आता सरकारी छत्रीबद्दल. प्रसारभारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात आणि देशातली चार कोटींहून अधिक घरे ती पाहतात, असा अंदाज आहे. दरमहा शुल्क नाही. छत्री आणि डबा मिळून सुमारे दोन हजार रुपयांचा एकदाचा खर्च. ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे धार-देवासहून पाहिले तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर. त्या दिशेला शेजाऱ्याची टाकी किंवा कडुनिंब आडवा येत नाही ना, एवढे आधी पाहावे. गच्चीवरची जुनी छत्री आणि वायर चांगली असेल तर बहुधा तीच चालते, फक्त तिचे तोंड फिरवावे लागते. आषाढातल्या मुसळधार पावसात चित्र अडकते, पण तसे ते पैसे भरलेल्या छत्रीवरही अडकते.

मिळते काय? सह्याद्री मिळते. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी मध्य प्रदेश मिळतात. डीडी भारती मिळते, तिच्यावर शास्त्रीय संगीत आणि नृत्याची जुनी मुद्रणे दाखवतात. १९४८ पासून १९९२ पर्यंत कुमारजी ज्या देवासात राहिले, त्या गावाला या वाहिनीचे मोल वेगळे सांगायला नको. आकाशवाणीच्या वाहिन्या याच डब्यावर ऐकू येतात, त्यांत मराठीही आहे. डोळ्यांनी अधू झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. क्रिकेटवाल्यांसाठीही चांगली बातमी आहे. २००७ च्या कायद्यानुसार भारतीय पुरुष संघाच्या एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांचे प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावे लागते, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दिसते.

सुटते काय, तेही स्पष्ट सांगतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या इथे नाहीत. खासगी मराठी वाहिन्या एखाद-दुसऱ्या असतात, पण खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते आणि १ एप्रिलला यादी बदलू शकते. आज दिसणारी वाहिनी उद्या असेलच, असे धरून चालू नये. १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल यांसारख्या चार लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदमच काढून घेतल्या गेल्या होत्या, हे काहींना आठवत असेल.

मग इथेच अनेक जण म्हणतात, ‘‘सह्याद्री चांगली आहे हो, पण चांगला कार्यक्रम नेमका नको त्या वेळी लागतो.’’ तक्रार खरी आहे. यावरच आजचा माझा मुख्य मुद्दा आहे, तो म्हणजे रेकॉर्डिंगचा.

फ्री डिशच्या बऱ्याच डब्यांना पुढे किंवा मागे यूएसबीची खाच असते. तिच्यात पेन ड्राइव्ह लावला की डबाच रेकॉर्डर होतो. वेगळे यंत्र नाही, महिन्याचे भाडे नाही. व्हीसीआर आठवा. तीन तासांची कॅसेट, त्यात अर्धा भाग जुन्या लग्नाचा, आणि पावसाळ्यात तिला बुरशी. आता साध्या चित्राच्या वाहिनीला तासाला सुमारे एक ते दीड जीबी लागते. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वीस-पंचवीस तास मावतात. कंपन्यांचे रेकॉर्डर डबेही चांगले असतात, पण वर्गणी थांबली की त्यांतले रेकॉर्डिंग बहुधा उघडत नाही. इथे वर्गणीच नाही, म्हणून ती भीतीही नाही.

घेताना काळजी एवढीच घ्या. एक, डबा एमपेग-४ चा घ्या, जुन्या एमपेग-२ डब्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. दोन, दुकानातच पाच मिनिटे रेकॉर्ड करून पाहा आणि तोच पेन ड्राइव्ह घरच्या संगणकावर चालतो का तेही तपासा. काही डब्यांचे रेकॉर्डिंग फक्त त्याच डब्यावर चालते. तीन, टायमरवर लावायचे असेल तर डब्याचे घड्याळ बरोबर आहे का पाहा, आणि सुरुवात पाच मिनिटे आधी, शेवट दहा मिनिटे नंतर ठेवा. टीव्ही बंद चालेल, पण डब्याची वीज चालू हवी. आपल्याकडची वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर डबा त्यावर घ्या. चार, साधारणपणे या डब्यावर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी पाहता येत नाही.

या चौथ्या मुद्द्यावर घरोघरी भांडणे होतात. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एका गावात दोन राज्ये होती, तरी कारभार चालला. आपल्याकडे एका रिमोटवर तीन पात्या असतात. त्यांच्यात वेळेची वाटणी आधीच ठरवून घ्यावी, हे बरे!

कायद्याचेही विचारतात. प्रताधिकार कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी उपयोगासाठी केलेले मुद्रण गुन्हा नाही. पण ते गटागटांत पाठवणे किंवा समाजाच्या सभागृहात लावणे ही वेगळी गोष्ट झाली, त्याला परवानगी लागते. आपल्यापुरते ठेवावे.

याचा उपयोग मी धारच्या एका नात्यातल्या घरी पाहिला. तिथे आजी, सून आणि दोन नातवंडे. मुले इंग्रजी माध्यमात, खेळ हिंदीत, मराठी फक्त आजीशी. सुनेने सह्याद्रीवरचे निवडक कार्यक्रम आठवडाभर रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि रविवारी जेवणानंतर तासभर सगळे मिळून बघू लागले. रेकॉर्डिंगचा खरा फायदा असा की ते थांबवता येते. मुलाने विचारले, ‘‘आजी, ‘ओसरी’ म्हणजे काय?’’ की आजी रिमोट दाबून चित्र थांबवते आणि सांगते. चालू कार्यक्रमात हे जमत नाही, तोवर पुढचे निघून जाते. तासाभराचा कार्यक्रम पाहायला दीड तास लागतो, पण त्या जास्तीच्या अर्ध्या तासात खरी मराठी बोलली जाते. पन्नास मराठी वाहिन्यांचा पॅक घेऊन प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर बसला, तर हे होत नाही.

आता जे सांगतो ते विशेषतः बाहेरगावी असलेल्या मुलांसाठी. आपली बरीच मुले-मुली इंदूर, पुणे, बेंगळूरला आहेत आणि आई किंवा वडील इथे एकटे. रिचार्ज मुलगाच तिकडून मोबाइलवरून भरतो. त्याला वाटते, आई कुठे एवढा टीव्ही बघते, बंद करून सरकारी छत्री लावू. हेतू चांगला असतो. पण जी बाई दुपारची झाडलोट आटोपून संध्याकाळी दिवा लावते आणि साडेसातच्या मालिकेची वाट पाहते, तिच्यासाठी ती मालिका नुसती करमणूक नसते. त्या अर्ध्या तासात घरात मराठी बोलणारी माणसे येतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंशी बोलायला विषय मिळतो. महिन्याचे तीनशे वाचवताना तेवढे तुटणार असेल, तर ती काटकसर महागात पडेल. निर्णय पैसे भरणाऱ्याने एकट्याने घेऊ नये, पडद्यासमोर बसणाऱ्याला विचारून घ्यावा. आणि विचारले तर आई हमखास म्हणेल, ‘‘नको रे, मला काही लागत नाही, बंद कर.’’ त्या उत्तरावर विसंबू नका. चार दिवस घरी राहून पाहा, ती काय बघते ते.

म्हणून माझी पद्धत अशी. आधी एक महिना घरात खरोखर काय पाहिले जाते, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पुष्कळ घरांत यादी चार-पाच वाहिन्यांपलीकडे जात नाही. मग फ्री डिश बसवा, पण जुने कनेक्शन लगेच तोडू नका, महिनाभर दोन्ही चालू द्या. त्यानंतर तीन वाटा असतात. ज्यांचे भागते त्यांनी वर्गणी खुशाल थांबवावी. ज्यांना एक-दोन मराठी वाहिन्या हव्याच आहेत त्यांनी मोठा पॅक सोडून तेवढ्याच ठेवाव्यात, बाकीसाठी फ्री डिश. आणि ज्या घरी एकटे वृद्ध आहेत आणि त्यांची मालिका ठरलेली आहे, तिथे काहीही तोडू नये. रेकॉर्डर हवा तर जोडावा.

शेवटी समाजाकडे एक मागणे. आपल्या तरुण मंडळींना हे डबे, टायमर, पेन ड्राइव्ह म्हणजे हातचा मळ आहे. ज्येष्ठांना मात्र दुसरा रिमोट हाती आला की धडकी भरते. दिवाळीपर्यंत धार आणि देवास दोन्हीकडच्या चार-चार मुलांनी सुट्टीच्या दिवशी ज्येष्ठांच्या घरी जावे, वाहिन्या लावून द्याव्यात, टायमर शिकवावा, आणि रिमोटवरच्या लागणाऱ्या चार बटणांवर रंगीत टिकली चिकटवून यावी. एवढे काम पुरते. आणि गेलात तर लगेच उठू नका. एखादा कार्यक्रम त्यांच्यासोबत बसून पाहा, मराठीत दोन शब्द बोला. कारण डबा कोणताही असो, त्याच्यासमोर शेजारी बसून बोलणारे माणूस कुठल्याच पॅकमध्ये मिळत नाही.

मंडपाबाहेर नमुन्याचा डबा मांडून ठेवला आहे. आरतीनंतर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर यावे.

गणपती बाप्पा मोरया!