आपल्या क्लबची जर्सी: रंग, बोधचिन्ह आणि नियम



फुटबॉलचा हंगाम जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये दोनच विषय निघतात. यंदा संघात कोण येणार आणि यंदा जर्सी कशी असणार? पहिल्या विषयावर बोलणारे जाणकार गल्लोगल्ली आहेत, म्हणून आज मी दुसऱ्याविषयी बोलणार आहे.

कोल्हापुरातला फुटबॉल तालमींनी आणि तरुण मंडळांनी वाढवला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे घेतली की शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी डोळ्यांसमोर येते. अशा क्लबांना एक कुणी मालक नसतो. वर्गणी पेठेची, खेळाडू पेठेतले आणि पाठीराखेही पेठेचेच. त्यामुळे जर्सी सगळ्यांची असते आणि तिचा निर्णय मात्र कुणाचाच नसतो. पहिल्या सामन्याला आठ दिवस उरतात, प्रायोजक मिळतो आणि तो म्हणेल तो रंग, तो म्हणेल तेवढे नाव छापून घेतले जाते. म्हणून माझा आजचा सल्ला एका वाक्यात सांगतो: जर्सीचे नियम आधी लिहून काढा, प्रायोजक त्यानंतर शोधा.

सुरुवात खेळाच्या नियमांपासून करू. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या पुस्तकात चौथा नियम खेळाडूच्या पोशाखाचा आहे. बाह्या असलेली जर्सी, हाफ पँट, मोजे, शिनगार्ड आणि बूट या पाच गोष्टी सक्तीच्या आहेत. अंगठी, साखळी, कडे, कानातली बाळी काहीही चालत नाही. वरून चिकटपट्टी लावून झाकलेलेही चालत नाही. जर्सीच्या आत काही घातले असेल तर त्याचा रंग जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाचा हवा, किंवा बाहीवरच्या नक्षीशी तंतोतंत जुळणारा हवा. मोज्यांवर पट्टी गुंडाळायची तर तीही मोज्यांच्याच रंगाची. कर्णधाराच्या दंडावरची पट्टी आयोजकांनी दिलेली किंवा मान्य केलेली असावी, नाहीतर एकाच रंगाची असावी. तिच्यावर इंग्रजी ‘सी’ऐवजी मराठीत ‘कर्णधार’ लिहिले तरी नियमात बसते.

आता रंग. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांच्या रंगापासून सहज वेगळे ओळखता आले पाहिजेत. गोलकीपरचा रंग तर बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा हवा. ऐकायला हे सोपे वाटते, पण इथे विश्वचषकातले संघही फसले आहेत. 1978 साली अर्जेंटिनात मार दे प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढरी जर्सी घेऊनच मैदानात आले. सामना खोळंबला, आणि शेवटी फ्रान्सचे खेळाडू किंबर्ले नावाच्या तिथल्या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणून खेळले. एका गावच्या क्लबच्या जर्सीने विश्वचषकाचा सामना वाचवला.

दुसरे उदाहरण 1996 सालचे. मँचेस्टर युनायटेडचा संघ साउदॅम्प्टनच्या मैदानावर राखाडी जर्सी घालून उतरला. मध्यंतराला तीन गोल अंगावर होते. प्रशिक्षक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी दुसऱ्या सत्रासाठी जर्सीच बदलायला लावली. राखाडी रंगातले आपले सहकारी मागच्या गर्दीत नीट दिसत नाहीत, असे कारण देण्यात आले. तो सामना युनायटेडने 3-1 असा गमावला. जर्सी दुकानात कशी दिसते याला महत्त्व नाही. पास देणाऱ्याला मान वर करताक्षणी आपला माणूस दिसला पाहिजे.

म्हणून प्रत्येक क्लबने दोन संच ठेवावेत, एक गडद आणि एक फिका. गडद निळा आणि काळा असे दोन संच केले तर दुसऱ्या संचाचे पैसे वाया गेले असे समजा. लाल आणि हिरवा हे रंगही एकमेकांसमोर आणू नयेत. बऱ्याच पुरुषांना जन्मापासून या दोन रंगांत फरक करणे जड जाते, आणि त्यांतला एखादा आपल्याच संघात असू शकतो. पाठीवरचा आकडा पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास उंचीचा आणि ठळक हवा. पट्ट्यांच्या जर्सीवर आकड्याच्या मागे एकरंगी चौकट ठेवा, नाहीतर पंचांना आणि धावते वर्णन करणाऱ्याला नंबर वाचताच येत नाही.

आता जरा नाजूक मुद्दा. आपल्याकडे जर्सीवर पुढाऱ्याचा फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा, एखाद्या आंदोलनाची घोषणा, कधी देवाचे चित्र छापण्याची पद्धत पडली आहे. चौथा नियम स्पष्ट सांगतो की पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर वा चित्र चालणार नाही. त्याच्या स्पष्टीकरणात पुढे म्हटले आहे की व्यक्ती हयात असो वा दिवंगत, तिच्याविषयीचा मजकूर किंवा चित्र नको. अपवाद एकच, तो म्हणजे स्पर्धेच्या अधिकृत नावात त्या व्यक्तीचे नाव असेल तर. म्हणजे स्मृतिचषकाचे नाव जर्सीवर येऊ शकते. एरवी गेलेल्या मित्राचा फोटो छातीवर छापता येत नाही, त्याच्यासाठी दंडाला काळी फीत बांधावी. गोल झाल्यावर जर्सी वर करून आतल्या बनियनवरचा संदेश दाखवणेही नियमाबाहेर आहे, आणि जर्सी काढली तर पिवळे कार्ड ठरलेले. पुढे गोल रद्द झाला तरी ते कार्ड रद्द होत नाही. अशा मजकुराबद्दल कारवाई आयोजक करतात, आणि ती खेळाडूवर तसेच संघावरही होऊ शकते.

जर्सीवर चालते काय? खेळाडूचा नंबर, त्याचे नाव, क्लबचे बोधचिन्ह, खेळाचा किंवा परस्पर आदराचा प्रसार करणारे घोषवाक्य आणि स्पर्धेच्या नियमांनी परवानगी दिलेली जाहिरात. यातला शेवटचा भाग प्रत्येक स्पर्धेत वेगळा असतो. म्हणून जर्सी छापायला देण्याआधी तिचा नमुना आयोजकांना दाखवून होकार घ्या. आपल्याकडे केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, कार्यालयात जाऊन विचारायला कितीसा वेळ लागतो!

आता बोधचिन्हाकडे वळू. तालमीचे चिन्ह काढायला बसले की त्यात वाघ, गदा, तलवार, फुटबॉल, सूर्य, स्थापनेचे साल आणि वर गोलाकार संपूर्ण नाव, सगळे यावे असे प्रत्येकाला वाटते. पण छातीवर त्याला आठ-नऊ सेंटीमीटरच जागा मिळते. एवढ्याशा जागेत ते सगळे मिसळून एक डाग दिसतो. एक प्रतीक, दोन किंवा तीन रंग आणि मोठ्या अक्षरांत छोटे नाव पुरेसे असते. चिन्ह नाण्याएवढे करून, काळ्या-पांढऱ्यात छापून पाहा. तसेही ओळखू आले तर ते पक्के समजा.

ते चिन्ह व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोच्या रूपात ठेवू नका. फोटो मोठा केला की कडा फाटतात. चित्रकाराकडून कितीही मोठी करता येईल अशी व्हेक्टर फाइल घ्या. छपाईवाले तिला कोरलची फाइल म्हणतात. तिच्यासोबत प्रत्येक रंगाचा क्रमांकही लिहून घ्या. नुसते ‘लाल’ सांगितले तर पहिल्या वर्षी कुंकवाचा लाल येतो आणि दुसऱ्या वर्षी विटकरी.

इथे कायद्याची एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक मंडळांना माहीत नसते. चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चिन्हावरचा हक्क आपोआप क्लबचा झाला, असे गृहीत धरू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी कागद आणि चित्रकाराची सही लागते. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षांची धरली जाते. तेव्हा ‘सर्व हक्क कायमचे क्लबकडे’ असे स्पष्ट लिहून घ्या. चित्रकार पेठेतला मित्र असला, त्याने फुकट काढून दिले असले, तरी हा कागद करा. मैत्रीत भांडण नको असेल तर तो करायलाच हवा.

चिन्हाची ट्रेडमार्क म्हणूनही नोंदणी करता येते. कपड्यांसाठी पंचविसावा वर्ग आणि क्रीडा उपक्रमांसाठी एकेचाळिसावा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. जर्सी, टोप्या, मफलर विकून क्लबला उत्पन्न मिळवायचे असेल तर या नोंदणीचा विचार जरूर करा.

पण एक सावधगिरी. 1950 चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्कमध्ये वापरायला त्यात मनाई आहे. महाराजांवरची आपली श्रद्धा मोठी आहे, म्हणूनच हे कळलेले बरे. महाराजांचे चित्र असलेले चिन्ह नोंदवायला गेलात तर अडचण येईल, आणि त्या चिन्हाच्या जर्सी विकायला काढल्यात तरी येईल. राष्ट्रध्वजाचेही तसेच. कमरेखालच्या पोशाखावर तिरंगा वापरणे आणि ध्वजावर अक्षरे छापणे हा गुन्हा आहे. पँटवर किंवा मोज्यांवर तो टाकू नका आणि त्यावर क्लबचे नाव लिहू नका.

दुसऱ्यांच्या चिन्हांचेही भान हवे. बार्सिलोनाच्या चिन्हात आपली अक्षरे घालायची, किंवा स्थानिक कारखान्यात शिवलेल्या जर्सीवर नायकी, आदिदासची खूण छापून घ्यायची, ही हौस महागात पडू शकते. खोटा ट्रेडमार्क लावण्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड अशी कायद्यात तरतूद आहे. ज्याने जर्सी शिवली त्याचीच खूण लावा. त्यात कमीपणा काही नाही.

आता प्रायोजक. प्रायोजक घरच्या कार्यातल्या मानाच्या पाहुण्यासारखा असतो. त्याचा सत्कार जरूर करावा, पण घराचा रंग त्याला विचारून काढू नये. कोलकात्याचे उदाहरण पाहा. मोहन बागानचे 2020 साली एटीके क्लबशी एकत्रीकरण झाले. हिरवा आणि मरून हे रंग कायम राहिले, पण नावापुढे ‘एटीके’ आले. पाठीराख्यांनी ते मनापासून स्वीकारले नाही, सतत विरोध केला, आणि 2023 मध्ये ते नाव काढावे लागले. वेल्समधल्या कार्डिफ सिटीच्या मालकाने 2012 साली निळी जर्सी बदलून लाल केली. 2015 च्या सुरुवातीला ती पुन्हा निळी झाली. एवढ्या पैशाच्या मालकांना जे जमले नाही, ते आपण एका हंगामाच्या देणगीसाठी करू नये.

प्रायोजकाशी बोलताना चार गोष्टी आधी ठरवा. नाव कुठे येणार, किती मोठे येणार, किती काळासाठी आणि किती रकमेत. क्लबचे चिन्ह डाव्या छातीवर, मुख्य प्रायोजक मधोमध, दुसरा प्रायोजक बाहीवर किंवा पाठीवर नंबरच्या खाली. तिघांपेक्षा जास्त नावे घेऊ नका. दहा दुकानांची नावे छापलेली जर्सी लग्नपत्रिकेसारखी दिसते आणि त्यातले एकही वाचले जात नाही. छोट्या देणगीदारांची नावे मैदानावरच्या फलकावर आणि सामन्याच्या निवेदनात घ्या.

काही प्रायोजक मुळातच नाकारावे लागतात. 2003 च्या कायद्याने तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातीला आणि त्या बदल्यात प्रायोजकत्व घेण्यालाही बंदी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर संसदेने 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली, आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव त्याच वर्षी उतरले. दारूच्या कंपनीचे नाव सोड्याच्या किंवा पाण्याच्या आडून येत असेल, तर तेही नको. आपली जर्सी शाळेतली पोरे घालून हिंडतात, एवढे कारण पुरेसे आहे.

शेवटी छपाईबद्दल थोडेसे. सब्लिमेशन छपाईत रंग धाग्यात उतरतो, त्याला तडे जात नाहीत, पण ती पॉलिस्टर कापडावरच नीट बसते, सुती कापडावर नाही. वरून चिकटवलेले नंबर गरम पाण्याने आणि इस्त्रीने निघतात. ते गार पाण्यात, जर्सी उलटी करून धुवावेत. पूर्ण माल छापण्याआधी एक नमुना जर्सी मागवा, ती घालून एखाद्याला मैदानाच्या पलीकडे उभे करा आणि नंबर वाचता येतो का ते बघा.

तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती अशी. या आठवड्यात बैठक घ्या आणि एका पानावर सहा गोष्टी लिहा: पहिला रंग, दुसरा रंग, बोधचिन्ह, प्रायोजकाची जागा, नाकारायचे प्रायोजक आणि हे सगळे बदलण्याचा अधिकार कुणाचा. बदल करायचा तर तो सर्वसाधारण सभेत, बहुमतानेच व्हावा. त्या पानावर अध्यक्ष, सचिव आणि कर्णधार यांच्या सह्या घ्या आणि ते तालमीच्या भिंतीवर लावा. कार्यकारिणी दर काही वर्षांनी बदलते. रंग मात्र पुढच्या पिढीच्या हाती तसाच सोपवायचा असतो.