अंगण नसलेल्या मुलांची अंगणवाडी



वसंत व्याख्यानमालेच्या मंचावर आजवर पुष्कळ थोरामोठ्यांच्या आयुष्यांचा ऊहापोह झाला असेल. तीन वर्षांच्या मुलाची पाळी इथे क्वचितच येते. त्याला मत नाही, वर्गणी देता येत नाही, आणि सभेत आणले तर ते रडते. तेव्हा चालकांनी 'गरीब घरांतील मुलांचे शाळेपूर्वीचे शिक्षण' हा विषय आम्हांला दिला, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आपल्यापैकी कोणी टेकडीवरून, मेघवाडी-मजासवाडीच्या बाजूने आला असेल, कोणी रूळ ओलांडून बेहरामबागेकडून. वाटेत अंगणवाडीची पाटी दिसली असेल, आणि निदान चार-पाच ठिकाणी 'नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी' असे रंगविलेले फलकही दिसले असतील. म्हणजे सोय आहे, असे वाटते. मग त्याच वाटेवर, दुपारी अकराच्या सुमारास, आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन दारात का उभी असते? आमचे आजचे सारे बोलणे त्या मुलीविषयी आहे म्हटले तरी चालेल.

ह्या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे. आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही! हे उत्तर आम्हांला मान्य नाही. ज्या घरात महिन्याअखेर तेलाची बाटली पुरत नाही, त्या घरातून गल्लीतल्या खाजगी नर्सरीची फी जाते. महत्त्व कळत नसते तर ती गेली नसती. बालवाडी त्या घराला कोणत्या वेळी, किती अंतरावर आणि कोणाच्या भरवशावर मिळते, हा खरा प्रश्न आहे. आणि हे कोडे आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, पालघर-डहाणूच्या पुढे, घोलवड स्टेशनापासून जवळच एका बाईंनी सोडविले होते. त्याला आता ऐंशी वर्षे झाली.

ताराबाई मोडकांचे नाव आपणांस ठाऊक आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांनी 1920 साली बालमंदिर काढले. ताराबाई पुढे त्यांना जाऊन मिळाल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 साली दादरला शिशुविहार. येथवरची कथा मध्यमवर्गाची आहे. स्वच्छ खोल्या, लाकडी साधने, घडीचे कपडे घालून येणारी मुले. ताराबाईंना स्वतःलाच ते पुरेसे वाटेना. 1945 साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. अनुताई मोरगावच्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. ह्याच 1945 साली त्या मुलखात वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. ज्यांच्या घरची मोठी माणसे माणूस म्हणून जगण्यासाठी झगडत होती, त्यांच्या लहान मुलांसाठी ह्या दोघी बालवाडी मांडीत होत्या.

बालवाडी काढली, तरी ज्यांच्यासाठी ती काढली ती हरिजनवाड्यातली मुले येईनात. दूर पडे. कोणी आणून सोडणारे नसे. शिवाय गावाच्या मधोमध असलेल्या जागेत ह्या मुलांनी पाऊल टाकणे म्हणजे काय, हे त्या काळच्या गावाला सांगावे लागत नव्हते. ह्या ठिकाणी बहुतेक संस्थाचालक अहवालात 'पालकांचे औदासीन्य' असे लिहून मोकळे होतात. ताराबाईंनी तसे न लिहिता बालवाडी उचलली आणि वाड्यातल्या अंगणात नेऊन बसविली. जी वेळ घरांना सोयीची ती शाळेची वेळ. अंघोळ, नखे, केस हाच पहिला धडा. युरोपातून आलेल्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, काड्या, पाने. ते अंगण म्हणजे अंगणवाडी. आज साऱ्या देशात सरकारी झालेला हा शब्द असा एका वाड्यातल्या अडचणीतून निघालेला आहे.

पुढे 1957 साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. वारली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. आणि भाऊ तिच्या कडेवर आहे, कारण आई मजुरीला गेली आहे. मग त्या मुलीला 'शाळेत ये' म्हणून सांगण्यात काय अर्थ? म्हणून कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. तिला विकासवाडी म्हणत. मुलगी भावाला घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि शेजारी वर्गात बसायची. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, ती कुरणशाळा. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना 1985 साली पद्मश्री. गौरव झाला. कोसबादचे ते तिहेरी आवार मात्र शहराने उचलले नाही.

इथे थोडे परदेशी जाऊन येऊ, कारण 'माँटेसरी' हा शब्द आपल्याकडे मोठ्या फीच्या शाळांना चिकटून बसला आहे. मारिया माँटेसरींचे पहिले बालगृह 6 जानेवारी 1907 रोजी रोममध्ये सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत उघडले, तेही मजुरांच्या चाळीत. एका गृहबांधणी कंपनीने त्या इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली पोरे भिंती रंगवीत, जिने खराब करीत. दुरुस्तीचा खर्च वाढू लागला, तेव्हा मालकांनी त्याच इमारतीतली एक खोली काढून दिली आणि पोरांवर लक्ष ठेवायला बाई नेमली. त्या बाईने त्याच इमारतीत राहिले पाहिजे असा दंडक होता. म्हणजे ज्याच्या नावाने आज लाख-लाख रुपये मोजले जातात, तो प्रयोग जन्मला पन्नास-साठ गरीब पोरांसाठी, चाळीतल्या खोलीत, भिंतीच्या चुन्यापायी! ही खोली आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता कायदा. घटनेच्या पंचेचाळिसाव्या कलमात मूळचे शब्द असे होते की, चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद दहा वर्षांत करण्याचा प्रयत्न राज्य करील. त्यात तीन वर्षांचे मूल वगळलेले नव्हते. 2002 साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क मिळाला, ही आनंदाची गोष्ट. पण त्याच दुरुस्तीत सहाच्या आतले मूल हक्काच्या उंबरठ्याबाहेर, मार्गदर्शक तत्त्वांत, बसून राहिले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातही त्याच्या वाट्याला एवढेच आले की, सरकार अशी सोय 'करू शकेल'. करील आणि करू शकेल ह्यांतले अंतर मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांपासूनचे शिक्षण 2030 पर्यंत सार्वत्रिक करण्याचे ठरविले आहे. 2030 फार दूर नाही.

कायद्याने हात आखडला, तरी योजना मात्र आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात तेहेतीस ठिकाणी सुरू झाली, त्यांत आपल्या मुंबईतली धारावी होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, दवाखान्यात पाठविणे, मातांना आहाराची माहिती आणि शाळेपूर्वीचे शिक्षण, अशा सहा सेवा एका बाईच्या हाती आल्या. ह्यांत शिक्षण शेवटी पडले. आम्ही ह्याचा दोष सेविकेला देत नाही. उपाशी मुलाला आधी घास लागतो, हे खरेच आहे. पण वजन करा, नोंद करा, आहार वाटा, पुन्हा नोंद करा, एवढे झाल्यावर गोष्ट सांगायला आणि गाणे म्हणायला वेळ उरतो किती? शहरात तर जागेचेही तेच. झोपडीतली भाड्याची दहा बाय दहाची खोली, त्यात वीस मुले, धान्याची पोती आणि वजनकाटा. योजनेच्या नावात अंगण आहे, खोलीला ओटासुद्धा नाही.

सेविकेच्या मोबदल्याचे नाव 'मानधन' आहे. मान आणि धन ह्या दोन्ही शब्दांचा इतका किफायतशीर उपयोग मराठीत दुसरा नसेल. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप पुढल्या वर्षाच्या जानेवारीतही चालू राहिला. त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगण्यासाठी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. खाजगी नर्सरीतल्या बाईंची कथा ह्याहून वाईट आहे. तिला तर संपही करता येत नाही.

पण मघाच्या मुलीकडे वळू. तिची आई सकाळी सातला घर सोडते. लोखंडवाला, ओशिवरा, अंधेरी, चार घरची धुणीभांडी आणि स्वयंपाक उरकून ती दोन-तीनला परतते. बालवाडी भरते तीन-चार तास, ती उघडायच्या आत आई गेलेली, आणि सुटते तेव्हा आई कोणाच्या तरी ओट्यावर भांडी घासत असते. मुलाला नेणार कोण, आणणार कोण? मोठी बहीण. म्हणजे धाकट्याची बालवाडी मोठीच्या चौथीच्या वर्गातून वजा होते. 1948 च्या कारखाना कायद्याने ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया जिथे काम करतात तिथे पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. ह्या आईला कारखाना नाही, चार मालकिणी आहेत, आणि त्यांतल्या एकीच्याही दाराला तो कायदा लागत नाही. (त्या मालकिणींपैकी काही ह्या सभेत असतील, आमच्याही घरी बाई येते, तेव्हा हे कोणावर बोट ठेवून बोललेले नाही.) दिल्लीला 1969 साली मीरा महादेवन ह्यांनी इमारतीच्या बांधकामावर काम करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी, कामाच्या जागीच पाळणाघर काढले, पुढे ते काम मुंबईतही आले. कोसबादचीच युक्ती ती, आई जिथे तिथे मूल. 2022 पासून केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेतही अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. आमचे म्हणणे एवढेच की जोगेश्वरीत नवी बालवाडी मागायची असेल, तर ती सकाळी सात ते दुपारी तीन अशी मागावी. तीन तासांची मागू नये. तीन तासांची बालवाडी ही ज्यांच्या घरी आजी आहे त्यांच्यासाठी असते.

आणि ती गल्लीतच हवी. अंतर केवळ पावलांनी मोजायचे नसते, हे जोगेश्वरीला निराळे सांगायला नको. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये इथे जे घडले, ते आठवणारी माणसे समोर बसली आहेत. त्यानंतर कित्येक गल्ल्यांच्या सीमा माणसांच्या मनात पक्क्या झाल्या. मोठा माणूस पोटासाठी रस्ता ओलांडतो, पण तीन वर्षांच्या लेकराला आई त्या रस्त्यापलीकडे धाडीत नाही. त्या दंगलींना दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच 'प्रथम' ह्या संस्थेने मुंबईच्या झोपडवस्त्यांत बालवाड्या काढायला सुरुवात केली, त्या अशाच. इमारत बांधली नाही. देवळाची ओसरी, मंडळाची खोली, शिकविणाऱ्या मुलीचे स्वतःचे घर, जे मिळेल ते. शिकविणारी त्याच वस्तीतली. इमारतीच्या निधीसाठी पावतीपुस्तके छापणाऱ्या आमच्यासारख्या समित्यांनी ह्याचा विचार करावा.

खाजगी नर्सरीविषयी दोन शब्द. ती वेळेवर उघडते, मुलाला गणवेश देते, डायरीत शेरा लिहिते. गरीब आईला त्यात आदर दिसतो, आणि तो तिला इतरत्र कुठे मिळत नाही. म्हणून आम्ही तिला हसत नाही. पण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन, त्याला न कळणाऱ्या भाषेतली अक्षरे पानभर गिरवून घेणे, ह्याला शिक्षण म्हणवत नाही. त्या वयात बोटांना माती हवी, कणीक हवी, मणी ओवायला हवेत, आणि कानांना घरची बोली हवी, मग ती मालवणी असो, भोजपुरी असो की दखनी.

आता त्या खोलीकडे येतो. आपल्या भागात झोपड्या जाऊन पुनर्वसनाच्या उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या योजनांच्या नियमांतच बालवाडीसाठी जागेची तरतूद आहे. मंजूर नकाशात ती खोली 'बालवाडी' म्हणून दाखविलेली असते. रोमच्या मालकांनी जे भिंतींसाठी केले, ते आपल्या नियमाने मुलांसाठी आधीच करून ठेवले आहे. प्रत्यक्षात त्या खोलीत बहुधा काय आढळते? सोसायटीचे कार्यालय, गणपतीचे मखर, मंडपाच्या खुर्च्या, नाहीतर नुसते कुलूप. बिल्डरला नावे ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण किल्ली त्याच्याकडे नाही. ती सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते, आणि अशा सोसायट्यांचे पदाधिकारी आज ह्या मंडपात आहेत.

त्यांनी उद्या दप्तरातून नकाशा काढावा आणि ती खोली कुठे आहे ते पाहावे. खुर्च्या गच्चीच्या जिन्याखाली राहू शकतात. प्रकल्प कार्यालयात अर्ज द्यावा, म्हणजे भाड्याच्या झोपडीत भरणारी जवळची अंगणवाडी तिथे आणण्याचा विचार होऊ शकेल. सातला उघडण्यासाठी मदतनीस कोण, तिचे पैसे कोण देणार, हे मात्र आधी ठरवावे, कारण ते न ठरविता उघडलेली खोली दिवाळीपर्यंत पुन्हा बंद होते. चार घरी काम करणाऱ्या आयांनी थोडे, सोसायटीने थोडे आणि त्या चार मालकिणींनी थोडे, असा हिशेब आम्ही कागदावर मांडून आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर ठेवू. शाळा जूनमध्ये उघडतील, तेव्हा मखर हलवायला अजून बरेच दिवस हातात आहेत.